वाचकांनी मरू दिलं नाही म्हणून पात्र जिवंत ठेवलं आणि कादंबरीच अडकली, काय करू?

मुक्कामी_गाडी

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी चिंचवडला एका कारखान्यात क्वालिटीत आहे, तीन शिफ्ट. मूळचा बार्शीकडचा. वडील एसटीत कंडक्टर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. लहानपणापासून मुक्कामी गाडीच्या गोष्टी ऐकतच मोठा झालोय. शहरातल्या लोकांसाठी सांगतो, मुक्कामी म्हणजे संध्याकाळची शेवटची गाडी जी रात्रभर गावातच थांबते आणि पहाटे तीच पहिली गाडी म्हणून निघते. ड्रायव्हर कंडक्टर गाडीतच झोपणार, नाहीतर मारुतीच्या देवळात, नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात, आणि जेवणाचा डबा गावातल्या कुठल्यातरी घरून येणार. त्या घराशी मग वर्षानुवर्षांचं नातं होतं, त्यांच्या लग्नकार्याला आपण जातो वगैरे. वडिलांची तिकिटाची पत्र्याची पेटी अजून माझ्या टेबलावर आहे, गठ्ठे लावायचे कप्पे असलेली, आणि तिकिटाला भोक पाडायचा तो चिमटा. लिहायला बसलो आणि काही सुचलं नाही की मी तो चिमटा नुसता दाबत बसतो, बायको आतून ओरडते की एकतर लिहा नाहीतर तिकीट तरी द्या.

तर चार वर्षांपूर्वी कादंबरी लिहायला घेतली. एका कंडक्टरची, आणि शेवट ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा. आमच्याकडच्या माणसाला ही तारीख समजवावी लागत नाही. बाकीच्यांसाठी, किल्लारीचा भूकंप. वडील त्या रात्री त्याच पट्ट्यातल्या एका गावात मुक्कामाला होते. गणपती बुडवून लोक उशिरा झोपलेले आणि चारला चार-पाच मिनिटं कमी असताना ते झालं. वडील आणि ड्रायव्हरकाका गाडीत झोपलेले म्हणून वाचले. घरं सगळी दगडमातीची, दोन-दोन हात रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद, ते सगळं झोपलेल्या माणसांच्या अंगावर. ज्या घरून डबा यायचा त्या घरातली बाई गेली. तिचं खरं नाव वडील आजतागायत सांगत नाहीत. मी यमुना ठेवलं.

गेल्या वर्षी विचार केला की नुसतं वर्ड फाईलमध्ये कुजवण्यापेक्षा लोकांना दाखवावं, म्हणून एका साईटवर दर रविवारी एक भाग टाकायला लागलो, क्रमशः. पहिल्या तीन भागांना आमचे नातेवाईक धरून आठ-दहा प्रतिसाद. पण यमुना आली आणि चित्रच बदललं. डब्यात ती एक भाकरी जास्तीची बांधायची, गाडीखाली झोपणाऱ्या कुत्र्यासाठी, हा तपशील लोकांना फार भावला. अकराव्या भागाच्या शेवटी मी जरा सूचक वाक्य टाकलं आणि लोक खवळलेच. यमुनाला काही केलंत तर बघा, खऱ्या आयुष्यात दुःख कमी आहे का, एवढं एक माणूस तरी राहू द्या. मी विरघळलो. बाराव्या भागात तिला माहेरी पाठवून दिली. शंभरावर प्रतिसाद आले, आयुष्यात एवढं कौतुक झालं नव्हतं.

आणि त्यानंतर आठ महिने एक ओळ नाही. भूकंपाचं प्रकरण पाच वेळा लिहिलं, पाचही वेळा पेपरातल्या बातमीसारखं वाटतं.

दुसरं लफडं वेगळंच. माझ्या कादंबरीतला ड्रायव्हर त्या पहाटे केबिनमध्ये स्टिअरिंग घट्ट धरून बसून राहतो, उजाडेपर्यंत खाली उतरत नाही. मी दहावीत असताना वडील एकदाच हे बोलले होते, ते डोक्यात बसलं. आता काकांच्या मुलाने ते भाग वाचलेत आणि मेसेज केलाय, "हे आमचे वडील का?" अजून उत्तर दिलेलं नाही.

तर लिहिणाऱ्या लोकांनो, पूर्ण होण्याआधी वाचकांना दाखवता का? त्यांचं ऐकता का? आणि खऱ्या माणसांचं काय करता?

पुभाप्र_वाली

अगं बाई. त्या शंभरातली एक मी आहे. "यमुनाला काही झालं तर मी परत वाचणार नाही" हे माझंच होतं बहुतेक, आयडी वेगळा होता तेव्हा. सॉरी हो.

पण माझी बाजू सांगते. मी रविवारी रात्री सगळं आवरून, दुसऱ्या दिवशीचा डबा कापून-चिरून फ्रिजमध्ये ठेवून मग वाचायला बसायचे. त्या वेळी यमुना म्हणजे मला माझीच कोणीतरी वाटायची कारण ती पण तेच करत असायची ना, दुसऱ्याचा डबा. तुम्ही ते वाक्य टाकलंत आणि माझा सोमवार गेला. तेव्हा चिडून लिहिलं ते. वाचक भांडतो तेव्हा तो सल्ला देत नसतो हो, तो नुसता रडत असतो, तुम्ही एवढं सिरियसली घ्याल असं वाटलं नव्हतं.

खरं सांगू का, बारावा भाग आवडला असं लिहिलं पण दुसऱ्यांदा वाचला नाही. आधीचे सगळे दोनदा वाचलेत.

टोणगा

वाचकांना विचारून कादंबरी लिहायची तर मग लग्नकार्यात जेवणाचा मेनू ठरवतात तसं मतदानच घ्या की. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला श्यामची आई लिहायला घेतली आणि १३ तारखेच्या पहाटे संपवली. ना क्रमशः, ना प्रतिसाद. तुम्ही चार वर्षं चिमटा दाबताय.

फोन बंद करा, लिहा. विषय संपला.

अभ्यासू_कावळा

टोणगाशेठ, पाच दिवसांचं खरं आहे पण अर्धंच सांगितलंत. ते पुस्तक उघडून बघा, रात्र पहिली, रात्र दुसरी असं बेचाळीस रात्री चालतं. श्याम आश्रमातल्या मित्रांना बसवून आईची गोष्ट सांगतोय. म्हणजे कागदावर उतरवायला पाच दिवस लागले असतील पण ऐकणारी माणसं पुस्तकाच्या आतच बसवलेली आहेत. आणि ते साठलेलं सगळं लहानपणापासूनचं होतं, ते काही ९ तारखेला सुचलं नाही.

धागाकर्त्यासाठी, तुमचा प्रॉब्लेम नवा नाही, सव्वाशे वर्षांपेक्षा जुना आहे. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी १८८५ ची, पण त्यांनी खरी गंमत केली ती १८९० मध्ये करमणूक साप्ताहिक काढल्यावर. संपादकही तेच आणि कादंबरीकारही तेच, दर आठवड्याला अंक निघणार म्हणजे मजकूर द्यायलाच पाहिजे. 'पण लक्षात कोण घेतो' अशीच करमणुकीतून हप्त्याहप्त्याने आली. विचार करा, पुण्याच्या वाड्यात आठवड्याला अंक येतोय आणि माजघरातल्या बायका विधवा झालेल्या यमूच्या केशवपनाचा भाग वाचतायत, ज्यांच्या स्वतःच्या घरात तेच चाललंय. त्या काळात कमेंटबॉक्स असता तर काय काय लिहिलं असतं देव जाणे. हरिभाऊंनी यमूची सुटका केली नाही. पण हप्त्यांची दुसरी बाजू पण आहे, सगळं संपवून मग छापायचं असं नसल्यामुळे त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या, कर्मयोग त्यातलीच. तुम्ही एकटे नाही एवढंच.

विलायतेतली गोष्ट तर अगदी तुमचीच. १८४०-४१ साली डिकन्सची एक कादंबरी हप्त्याने येत होती, त्यात नेल नावाची पोर. तिला मारू नका म्हणून लोकांनी पत्रांवर पत्रं पाठवली. त्याने मारली. आणि गंमत म्हणजे हाच माणूस वीस वर्षांनी एका लेखकमित्राच्या सांगण्यावरून दुसऱ्या एका कादंबरीचा शेवट बदलतो, दुःखी होता तो जरा आशेचा करतो. म्हणजे नियम वगैरे काही नाही, कुणाचं कधी ऐकायचं हे त्यालाही प्रत्येक वेळी नव्यानेच ठरवावं लागलं.

एक अवांतर. मराठीतली पहिली कादंबरी मानतात ती १८५७ सालची यमुनापर्यटन, तिची नायिका यमुना. हरिभाऊंची यमू म्हणजे पण यमुनाच. तुमची तिसरी. मुद्दाम ठेवलंत का?

मुक्कामी_गाडी

@कावळा, आईशप्पथ माहीत नव्हतं. आमच्या चुलत आत्याचं नाव यमुना, तेवढंच.

जुनी_वही

मी नगर जिल्ह्यात शाळेत शिकवते, दोन कादंबऱ्या छापून आल्यात, पहिलीला सहा वर्षं लागली, पाचशे प्रती निघाल्या, त्यातल्या दीडशे अजून आमच्या दिवाणाखाली आहेत, त्यामुळे मोठी लेखिका वगैरे समजू नका. पण तुमच्यासारखीच अडकले होते म्हणून सविस्तर लिहिते.

मी दोन वह्या करते. एकीत कादंबरी. दुसरीत नुसतं ऐकलेलं, तारीख टाकून, कोण म्हणालं ते लिहून. बाजारात दोन बायका भांडताना ऐकलं, लिहिलं. सासूबाईंनी त्यांच्या माहेरच्या विहिरीचं सांगितलं, लिहिलं. त्यातलं काही लगेच कादंबरीत घालायचं नाही हा नियम, कारण ताजं ऐकलेलं घातलं की ते बेंगरूळ दिसतं, शिवणीवर नवीन कापड लावल्यासारखं. वर्ष-दीड वर्षांनी वही उघडायची, जे तरीही बोलतं ते घ्यायचं. लोक विचारतात सुचतं कुठून, माझं तरी याच वहीतून सुचतं, रात्री झोपेत वगैरे मला काही कधी सुचलेलं नाही.

आता दाखवण्याचं. मी ऑनलाईन नाही टाकत, वाचून दाखवते. आमच्या गावच्या वाचनालयात चौथ्या प्रकरणाचं वाचन ठेवलं होतं, एकोणीस माणसं, त्यातली चार चहाला आलेली. प्रकरण लग्नाचं, वैशाखातलं, आणि मी मोठ्या हौसेने वर्णन केलेलं की वऱ्हाडाची बैलगाडी येतीये आणि दोन्ही बाजूला ज्वारी वाऱ्यावर डोलतीये. मागच्या बाकावर एक म्हातारबाबा होते, त्यांनी हात वर केला. म्हणाले, "बाई, वैशाखात ज्वारी कुठली उभी? शाळू काढून, खळं होऊन, कडब्याची गंज पण लागलेली असती. वैशाखात रानात नुसती ढेकळं." सगळे हसले, मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. शेतकऱ्याची लेक मी. घरी येऊन ती ओळ कापली आणि ढेकळं घातली, आणि काय सांगू, त्या उघड्या रानातून जाणारी ती वऱ्हाडाची गाडी आधीच्या डोलणाऱ्या ज्वारीपेक्षा कितीतरी पटीने खरी दिसायला लागली, नवरीच्या मनाचं मी वेगळं दोन पानं लिहिलं होतं ते पण मग काढून टाकलं, गरजच राहिली नाही.

त्याच दिवशी एक ताई म्हणाल्या की त्या नवरीला शिकू द्या, लग्न मोडा. त्यांचं म्हणणं मनापासून होतं, त्यांच्या मुलीचं तसं झालेलं. मी मान डोलावली आणि काही बदललं नाही. मला वाटतं फरक एवढाच आहे, एक माणूस म्हणतो "हे असं नसतं" आणि दुसरा म्हणतो "हे असं नको". पहिल्याचं ऐकावं, अगदी कान देऊन. दुसऱ्याला चहा पाजावा.

तुमच्या बाराव्या भागाबद्दल. मी आत्ता जाऊन सगळे भाग वाचले, दोन तास गेले, उद्या शाळा आहे. यमुना जगली यात काही वाईट नाही. तुम्हाला ती जगवायची असती तर जगली असती. पण मला एक सांगा, ती माहेरी गेली तर त्या रात्रीचा डबा कुणी बांधला? अकरा भाग तुम्ही तो डबा एवढा जपून लिहिलात, फडकं कुठल्या रंगाचं ते पण, आणि नेमक्या त्या रात्री तुमचे कंडक्टर-ड्रायव्हर काय जेवले याची एक ओळ नाही. माझ्या मते तुमची कादंबरी तिथे अडकलीये. तुम्ही तिला घाईत गाडीत बसवलीत आणि घर मोकळं ठेवून आलात. वडिलांना विचारा.

टोणगा

जुनी वही, मानलं. ढेकळं लक्षात राहतील. मी शब्द मागे घेतो, फक्त चिमट्याचा सोडून.

पत्र्याची_शेड

इथे सहसा लिहीत नाही. मी तिकडचाच आहे, औसा तालुक्याच्या बाजूचा. तेव्हा सात वर्षांचा होतो. आमच्या घरातले तिघं गेले.

एक वाचक म्हणून सांगतो, आमच्यावर लिहिलेलं बरंच वाचलंय आणि बरंच अर्ध्यात सोडलंय. कारण लोक भूकंपाचं वर्णन करतात. आवाज कसा झाला, जमीन कशी हलली. ते काही सेकंदांचं होतं हो, मला तर तेही आठवत नाही, मला आठवते ती धूळ, तोंडात माती आणि अंधारात कुणीच कुणाला दिसत नव्हतं आणि सगळे एकमेकांना नावानं हाका मारत होते. कोणत्या नावाला ओ येते आणि कोणत्या नावाला नाही, असं चाललेलं. नंतर पाऊस लागला. मग पत्र्याच्या शेडमध्ये काही वर्षं, उन्हाळ्यात पत्रा तापायचा तेव्हा आजी पोती ओली करून वर टाकायची. मग नवीन गाव मिळालं, आखीव रस्ते, लांब लांब घरं. आजी म्हणायची हाक मारली तर शेजारी ऐकू जात नाही, हे कसलं गाव. आणि ती शेवटपर्यंत छताखाली झोपली नाही, अंगणातच बाज.

यमुनेला मारा किंवा ठेवा, तुमचा प्रश्न आहे. पण माहेरी गेली म्हणून वाचली अशा खऱ्या बायका आमच्याकडे आहेत, आणि त्यांचं वाचणं सुखाचं नव्हतं. माझ्या एका चुलतीचं तसंच झालं. सणाला माहेरी राहिली म्हणून वाचली आणि परत आली तेव्हा तिला घर कुठलं ते दाखवावं लागलं, गल्लीच राहिली नव्हती. तिला जगवायचं असलं तर तेही लिहावं लागेल. तुमच्या बाराव्या भागात ते नाही, तिथे ती नुसती वाचलीये.

कडक वाटलं तर माफ करा. बाकीचे भाग चांगले आहेत. दुधाचे कॅन टपावर चढवतानाचा आवाज अगदी तसाच होता.

पुभाप्र_वाली

@पत्र्याची शेड, काय लिहू कळत नाही. वाचलं.

कलमबहाद्दर

भावनिक चर्चेत जरा कोरडं घालतो, माफी असावी. मी वकील नाही, वकिलाकडे टायपिंग करायचो.

"सर्व पात्रे काल्पनिक आहेत" ही ओळ म्हणजे काही चिलखत नव्हे. नाव बदललं तरी गावातल्या माणसाला ओळख पटत असेल आणि त्याची अब्रू जात असेल तर बदनामीचा प्रश्न येऊ शकतो, पूर्वी ते आयपीसीत होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. माणूस हयात नसला तरी त्याच्या घरच्यांच्या भावनांचा मुद्दा त्यात येतो. आता एखादे रिटायर ड्रायव्हरकाका उठून कोर्टात जातील असं मला वाटत नाही, पण गोष्ट कायद्याची नाहीच, त्यांच्या मुलाने तुम्हाला साधा प्रश्न विचारलाय आणि तुम्ही ब्लू टिक देऊन गप्प आहात. ते वाईट दिसतं.

दुसरं, क्रमशः टाकल्याने कॉपीराईट जात नाही, लिहिलं त्या क्षणी तो तुमचा, नोंदणी सक्तीची नाही, लेखकाच्या आयुष्यभर आणि पुढे साठ वर्षं. पण दिवाळी अंकांना आणि बऱ्याच स्पर्धांना अप्रकाशित मजकूर लागतो आणि ऑनलाईन टाकलेलं ते प्रकाशित धरतात, म्हणून उरलेली प्रकरणं टाकण्याआधी विचार करा. साईटच्या अटी पण एकदा वाचा, आपण सगळे "मान्य आहे" दाबून मोकळे होतो.

अभ्यासू_कावळा

कलमबहाद्दरांना अनुमोदन. आणि खऱ्या माणसांवर लिहिण्यात थोडं अंतर लागतंच, मग ते वर्षांचं असो की मैलांचं. श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरीला आणि गाजलेल्या कादंबऱ्या बहुतेक दापोली-हर्णैच्या मुलखातल्या, गारंबीचा बापू १९५२ ची. तुमचं पण तसंच की, बसगाडीचा संबंध धरून. चिंचवडला बसूनच बार्शीकडचं लिहा, पण विचारायला गावी जा.

मुक्कामी_गाडी

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय, त्याबद्दल माफी. आधी नाईट होती आणि मग सुट्टी टाकून गावी जाऊन आलो.

वडिलांना जुन्या वहीने सांगितलेला प्रश्न विचारला. त्या रात्रीचा डबा कुणी आणला होता. ते टीव्ही बघत होते. आवाज बारीक केला, पण बंद नाही केला. म्हणाले, "तिनंच. कोण आणणार दुसरं." मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "मोदक होते शिळे. सकाळचे." एवढंच. मी पुढचं काही विचारलं नाही, तेही उठून गेले.

ड्रायव्हरकाकांकडे दुसऱ्या दिवशी गेलो. त्यांच्या मुलाला आधी फोन करून खरं काय ते सांगितलं, तो म्हणाला या आणि तुम्हीच वाचून दाखवा त्यांना, मी काही सांगणार नाही. काकांना आता कमी दिसतं. ओसरीवर बसून ते प्रकरण मोठ्याने वाचलं, आणि माझं मलाच ऐकू यायला लागलं की किती ठिकाणी खोटं आहे, दोन परिच्छेद तर मी वाचता वाचताच गाळले. स्टिअरिंग धरून बसल्याची ओळ आली तेव्हा माझा आवाज चिरकला. काका ऐकत होते, तंबाखू मळत होते, ती मळायची थांबली नाही.

वाचून झालं. म्हणाले, "बसलो होतो हे खरं हाय."

मग म्हणाले, "पण तुझ्या बापानं तुला लाइटीचं नाही सांगितलं का?"

तर झालं असं होतं. हादरा बसला तेव्हा गावातली लाईट गेलेली, कुणाच्या हातात बॅटरी नाही, आणि लोक अंधारात हातानं दगडं उपसायला लागलेले. काकांनी गाडी चालू केली, मागे घेतली, तोंड गल्लीकडे केलं आणि हेडलाईट टाकले. इंजिन बंद ठेवून लाईट लावले असते तर बॅटरी बसली असती, म्हणून उजाडेपर्यंत ते केबिनमध्ये बसून पायाने रेस देत होते. "धुळीतनं उजेड पुढं जातच नव्हता," म्हणाले, "नुसती पिवळी भिंत दिसायची, आन् तीत माणसं. तुझा बाप त्या उजेडात खणत हुता. त्याचा शर्ट तेवढा वळखू यायचा, खाकी. मला उतरायचं हुतं रं. पण पाय काढला की उजेड जायचा."

वडिलांनी हे कधी का सांगितलं नाही ते मला माहीत नाही. त्यांना त्या वेळी फक्त एवढंच दिसलं असेल की आपण खणतोय आणि हा बसलाय. की राग होता, आणि तो तसाच राहिला. दोघं नंतर पंधरा वर्षं एकाच डेपोला होते, पण एका ड्युटीवर परत कधी गेले नाहीत, हे मला आईने आत्ता सांगितलं.

निघताना काका म्हणाले, "डबा पायातच हुता. धुऊन ठेवलेला, सकाळी निघताना तिला द्यायचा म्हणून. रेस देताना घोट्याला लागायचा सारखा."

मी विचारलं मग कुठंय तो आता. म्हणाले, "कुणाला द्यायचा हुता?"

बारावा भाग साईटवरून काढून टाकलाय. ज्यांना आवडला होता त्यांची माफी मागतो, पण आता तो टाकता येणार नाही. पुढचे भाग पूर्ण झाल्याशिवाय टाकणार नाही, आणि आधी काकांना आणि जमलं तर वडिलांना, दोघांना एका ठिकाणी बसवून वाचून दाखवायचंय, ते कितपत जमेल बघू. मोदकांचं मात्र घालणार आहे. काल रात्री शिफ्टवरून आल्यावर चार पानं झाली.

@पत्र्याची शेड, तुमच्या चुलतीबद्दल लिहिलंत ते डोक्यात आहे. ते माझं नाही, मी ते घेणार नाही. पण हाका मारण्याचं, ओ येण्या-न येण्याचं, ते घेऊ का? तुम्ही नको म्हणालात तर नाही घेणार.

पत्र्याची_शेड

घ्या. फक्त नावं तुमची घाला.

पुभाप्र_वाली

वाचतेय. सावकाश लिहा.